पांढऱ्या मोज्यांचा डॉक्टर

त्या डॉक्टरांच्या पायाला कोड आहे, असं राळेगावच्या बायकांनी मला मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सांगून टाकलं. पुरावा काय, तर मोजे. ऐन वैशाखात, जेव्हा अंगावर सुती पातळ नकोसं होतं, तेव्हा हे गृहस्थ खाकी हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत चढवलेले पांढरेशुभ्र मोजे घालून सायकलवरून हिंडायचे. "काहीतरी झाकूनच राह्यले असतीन ना थे," असं म्हणत बायका पदराआड हसायच्या. डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यामागच्या क्वार्टरात एकटेच राहायचे. बायको नाही, मूल नाही, आणि जनावरांचा डॉक्टर असून घरात साधं मांजरही नाही.

कोड वगैरे काही नव्हतं. मोज्यांचं कारण मला पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा हसायची सोय राहिली नव्हती. कुणाचं कुत्रं-मांजर खाजवून बेजार झालं की डॉक्टर आधी त्या जनावराकडे बघायचेच नाहीत. "झोपतात कुठे?" हा पहिला प्रश्न. मग घरी यायचे, बूट दाराशी काढायचे आणि नुसत्या मोज्यांनी घरभर फिरायचे. कोपऱ्यांतून, गोधड्यांवरून, चुलीमागच्या पोत्यावरून, पाय घासत, अगदी सावकाश. नंतर अंगणात उजेडाला येऊन एक पाय उचलून उभे. धुळीत पिसवा असल्या तर माणसाची ऊब लागताच त्या उड्या मारून मोज्यांवर येतात आणि पांढऱ्यावर काळं ठळक दिसतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण एक धिप्पाड माणूस आपल्या अंगणात बगळ्यासारखा उभा राहून स्वतःची नडगी निरखतो आहे, हे कुठल्या घरधन्याला आवडणार?

त्यांच्या बोलण्याची तऱ्हाही उलटीच होती. माणसांना अरे-तुरे आणि जनावरांना अहो-जाहो. पाटलाला म्हणायचे, "ए, सरक, उजेड अडवू नको," आणि पाटलाच्या बैलाला, "जरा मान इकडे करता का?" मांजरांशी तर इतक्या अदबीने बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मांजर कलेक्टरीणबाई आहे.

हे सगळं लोकांनी चालवून घेतलं असतं. चालवून घेतलं नाही ते एकच. हा माणूस कधी कुणाला धीर द्यायचा नाही. शेतकऱ्याने आजारी गाय आणावी, डोळ्यांत पाणी आणून विचारावं, "बरी होईन ना जी?" आणि ह्यांनी म्हणावं, "सांगता येत नाही." अहो, म्हणायला काय जातं? "होईल बरी" ह्या दोन शब्दांना काही पैसे पडत नाहीत. पण ते दोन शब्द त्या तोंडातून कुणी ऐकलेले नव्हते. माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, आणि माहीत आहे ते समोरचा रडो की चिडो, तसंच सांगायचं. त्यामुळे बरीच माणसं जनावर घेऊन परस्पर गावातल्या जाणत्या वैदूकडे जायची. तिथे निदान गोड बोलणं मिळायचं.

तहसीलदारांच्या बाईंची मांजर हे त्यातलं गाजलेलं प्रकरण. मांजरीच्या मानेवर आणि पाठीवर बारीक बारीक खपल्या धरल्या होत्या. बाईंनी टांग्यातून, मांडीवर टॉवेल अंथरून तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी बारीक दातांच्या फणीने तिचे केस विंचरले. पिसू एकही निघाली नाही, निघाले ते काळे कण. त्यांनी ते ओल्या टीपकागदावर टाकले. प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला.

"हे रक्त," डॉक्टर म्हणाले. "पिसूने पिऊन बाहेर टाकलेलं. पिसवा ह्यांनी चाटून गिळल्या. मांजर पुरावा ठेवत नाही."

"आमच्या घरात पिसवा?" बाईंचा चेहरा पडला.

"घरात नाही. तुझ्या गादीत."

बाई तशाच टांग्यात बसून गेल्या. घरी कुणीतरी शहाणपण शिकवलं आणि कपाशीवर मारायची पांढरी भुकटी मांजरीला चोळली. मांजर अंग चाटणारच. दुसऱ्या दिवशी ती थरथरत, लाळ गाळत दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तिला बाहेरच्या नळाखाली साबणाने धुतलं, तिने त्यांचे दोन्ही हात ओरबाडले, आणि दुपारी ती गेली. डॉक्टर त्या ओल्या मांजरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले होते. ते रडत होते असं दवाखान्याचा शिपाई सांगायचा. तहसीलदार सांगायचे की डॉक्टरांनीच मांजर मारली.

आता माझी गोष्ट सांगते. आमचे हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात गोदामावर होते आणि आम्हाला जिनच्या कंपाउंडातच टिनाच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी अमरावतीची, घरात सात माणसांच्या गलबल्यात वाढलेली. इथे हे सकाळी गेले की दिवसभर माझ्याशी बोलायला कोणी नाही. होता तो भुऱ्या. जिनचा राखणीचा कुत्रा, मातकट रंगाचा, एक कान दुमडलेला. खरं सांगायचं तर ह्या गावात नवऱ्याआधी माझी गट्टी जमली ती भुऱ्याशी. मी भाकरी थापायला बसले की तो उंबऱ्याशी येऊन बसायचा आणि मी त्याला माहेरच्या सगळ्या कागाळ्या सांगायची.

दिवाळीनंतर कापूस येऊ लागला, जिन सुरू झाला आणि भुऱ्याला काहीतरी झालं. आधी नुसता खाजवायचा. मग शेपटीच्या बुडाशी चावे घेऊ लागला. कमरेवरचे केस गेले, कातडी लाल झाली, मग ओली. बसल्या जागी एकाएकी किंचाळून उठायचा, शेपटी पकडायला गरगर फिरायचा. सतत अंग चावून तोंडाला लाळेचा फेस आणि फेसात केस. कुणी जवळ गेलं की दात दाखवायचा. माझ्यावरही एकदा गुरगुरला, आणि मग मान खाली घालून माझ्याकडे बघत राहिला.

कंपाउंडात एकच शब्द फिरू लागला. पागल. लोकांना दोष तरी कसा द्यावा? आदल्या हंगामात एक हमाल कुत्रं चावून मेला होता. शेवटी पाण्याचा पेला पाहिला तरी तो आचके देऊन ओरडायचा, आणि ते ओरडणं इथल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. कापूस वेचून साफ करणाऱ्या रेजा फाटकाच्या आत यायला तयार होईनात. मॅनेजरने बंदूकवाल्याला निरोप धाडला, उद्या सकाळी ये म्हणून.

मी ह्यांना म्हटलं, "काहीतरी करा ना."

"काय करू? मॅनेजरले नाई म्हणू? नोकरी हाय का गंमत हाय?" हे ताटावरून उठून गेले.

मी दुपारीच पदर डोक्यावर घेतला आणि एकटी गुरांच्या दवाखान्यात गेले. तेव्हा नव्या सुनेने एकटीने असं कुठे जायची रीत नव्हती. डॉक्टरांनी मान वर न करता सगळं ऐकलं.

"झोपतात कुठे?"

"सरकीच्या गंजीपाशी. जुन्या बारदानाच्या ढिगावर."

"हंगाम सुरू झाल्यापासून?"

"हो जी. बरा होईन ना थो?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "सकाळी येतो."

मी घरी येऊन त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या.

सकाळी मी बाहेर आले तर बंदूकवाला आधीच हजर. भुऱ्याला गोदामाच्या खांबाला दोराने अडकवलेलं होतं आणि तो दोराच्या टोकाशी गरगर फिरत होता. फाटकाबाहेर रेजा, आत हमाल, मधे मॅनेजर. तेवढ्यात सायकल आली. डॉक्टरांनी आल्या आल्या बूट काढले आणि ते मोज्यांनी सरळ बारदानाच्या ढिगात शिरले. लोक बघतच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मोज्यांवर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके होते, आणि ते ठिपके उड्या मारत होते.

"पिसवा," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्यावर त्या पाहुण्या येतात, घर त्यांचं ह्या ढिगात आहे. काहींच्या अंगाला पिसूची लाळ सोसत नाही. तुला शंभर चावल्या तर तू खाजवशील आणि झोपशील. ह्यांना एक चावली तरी अंगाला आग लागते. केस कुठले गेलेत बघ, शेपटीचं बूड आणि कंबर. हे पिसवांचंच लक्षण."

मला वाटलं, सुटलो. पण रेजांमधली सगळ्यात म्हातारी भागीरथामाय, तिने ते मोजे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "पिसवा! अवो बायांनो, पिसवा! पिलेग येते आता!"

पन्नाशीच्या वरच्या साऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लहानपणी पिलेगाची सालं पाहिली होती. गाव ओस टाकून शेतात झोपड्या घालून राहिलेली ही माणसं. कुत्रं पागल असतं तर एक गोळी पुरली असती. पिसवा म्हटल्यावर त्यांना अख्खं गाव मरताना दिसू लागलं. दोघी-तिघी तिथूनच मागे फिरल्या. "जाळून टाका तो ढीग! कुत्र्यासकट जाळा!" हमालांतून कोणी ओरडलं.

"गप्प बस," डॉक्टर गरजले. "प्लेग येतो तेव्हा आधी उंदीर मरतात. कुणाला मेलेला उंदीर दिसला?"

कुणालाच दिसला नव्हता.

"मंग पिलेग नाई येनार ना, बाप्पा?" भागीरथामायने हात जोडून विचारलं.

आणि ह्या माणसाने काय म्हणावं? "आज नाही. पुढचं मी कसं सांगू?"

झालं. गलका दुप्पट झाला. मॅनेजर म्हणाला, "डॉक्टर, मले काम बंद नाई पाह्यजे. पागल असो का पिसवाचा असो, कुत्रं आता जाते." बंदूकवाल्याने बंदूक खांद्याला लावली. "बाजूले व्हा साहेब. एका गोळीत सुटते थो."

तेव्हा आमचे हे पुढे आले. मॅनेजरसमोर ज्यांचा आवाज फुटत नसे ते हे, हातात पाण्याची पितळी घेऊन. त्यांनी पितळी भुऱ्यापुढे सरकवली. तो मेलेला हमाल पाण्याला बघून कसा आचके द्यायचा ते सगळ्यांना आठवत होतं. भुऱ्या थांबला, धापा टाकत पितळीकडे बघत राहिला, आणि मग लपालपा पाणी प्यायला. पितळी चाटून पुसून साफ.

"पेलं रे पेलं! पागल नोहे!" सगळीकडून आवाज उठला. बंदूकवाल्याने बंदूक खाली केली. मॅनेजरसुद्धा सैलावला. मी पायरीवर बसून घेतलं.

"पाणी प्यायल्याने काही सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाले.

मला ऐकलेलं खरं वाटेना.

"माणसाचं वेगळं. पिसाळलेलं कुत्रं पाणी पिऊ शकतं. उद्या दुसरं एखादं पाणी प्यायलं म्हणून तुम्ही बेफिकीर राहाल आणि मराल. मी पिसवा म्हणतो ते केसांवरून आणि ह्या मोज्यांवरून. पाण्यावरून नाही."

"म्हंजे तुमची चूक बी होऊ शकते?" मॅनेजरने विचारलं.

"होऊ शकते."

बंदूक पुन्हा वर गेली. त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी ते डॉक्टरांच्या डोक्यात घातलं असतं. जीव वाचला होता, सगळे मानायला तयार होते, कुणी काही विचारलं नव्हतं. ह्यांना तेवढं एक वाक्य गिळता येऊ नये?

डॉक्टर बंदुकीच्या आणि कुत्र्याच्या मधे जाऊन बसले. खिशातून फणी काढली. "अहो, जरा दुखेल," असं भुऱ्याला म्हणाले आणि त्या सोललेल्या कमरेच्या कडेने फणी फिरवली. भुऱ्या किंचाळून वळला. दात त्यांच्या मनगटात शिरला. रक्त मोज्यावर टपटपलं.

डॉक्टर उठले, नळावर गेले, साबण मागून मनगट धुवत बसले. खूप वेळ धुतलं. मग वळून बंदूकवाल्याला म्हणाले, "आता मार बघू. हे दहा दिवस धडधाकट राहिले तर मीही राहीन. ह्यांचं बिघडलं तर मला यवतमाळला जाऊन पोटात सुया घ्यायला हव्यात. मेलेला कुत्रा मला यातलं काही सांगणार नाही. मला हे जिवंत हवेत."

सरकारी डॉक्टरच्या जिवाचा प्रश्न आल्यावर मॅनेजरची भाषा बदलली. कुत्रं घेऊन जा म्हणाला, पण पुन्हा ह्या कंपाउंडात अंग चावताना दिसलं तर विचारणार नाही, गोळी घालणार. डॉक्टरांनी भुऱ्याच्या तोंडाला रुमाल बांधला आणि दोर धरून पायीच निघाले. सायकल आमच्या ह्यांनी मागून नेऊन पोचवली. तो हात त्यांनी मुद्दाम पुढे केला होता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही बारदानाचा ढीग जाळला, सरकीच्या शेडच्या भेगांत उकळतं पाणी आणि चुना ओतला, गोधड्या उन्हात टाकल्या, जमीन पुन्हा पुन्हा सारवली. भागीरथामाय सगळ्यांच्या पुढे होती. मी रोज भाकरी घेऊन डॉक्टरांच्या कुंपणाशी जायची. दवाखान्यात तेव्हा कोणी फिरकत नव्हतं. डॉक्टर आतून ओरडून भुऱ्याचं सांगायचे, "आज जेवले." किंवा, "आज नाही जेवले." नाही जेवले म्हटलं की मला वाटायचं, संपलं, कुत्रंही आणि हा माणूसही. एकदा त्यांचा आवाजच आला नाही. मी कुंपणाच्या तारेला घट्ट धरून उभी राहिले, तळहाताला ओरखडे पडले. डॉक्टर मागच्या बाजूला निंबाचा पाला उकळत होते.

दोघेही जगले. खाज कमी झाली, जखमा सुकल्या, कमरेवर पुन्हा केसांची लव आली. गावाने मग डॉक्टरांना देव करायचा प्रयत्न केला. त्यांनी दाद दिली नाही. आणि हंगाम संपायच्या आत त्यांची आर्णीला बदली झाली. कुणाच्या तरी वशिल्याने झाली म्हणतात. त्यांना घालवू पाहणारे कमी नव्हते.

मी भुऱ्याला आणायला गेले. सामान बांधून झालं होतं. भुऱ्या ओसरीवर धुतलेल्या सतरंजीवर झोपला होता, चारी पाय पसरून. इतका निवांत झोपलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. डॉक्टर दोर हातात घेऊन उभे होते.

"घेऊन जा," ते म्हणाले.

मी दोर घेतला नाही. घरातून निघाल्यापासून जे डोक्यात घोळत होतं ते विचारलं. "डॉक्टरसाहेब, पुढच्या हंगामात सरकी येईन, नवं बारदान येईन. आमी कितीबी सारवलं तरी एखादी पिसू राहीनच. थो तिथं बरा राहीन का?"

ह्या माणसाला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. भुऱ्याकडे पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं.

"हे मला विचारू नका," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो केलं होतं, आणि तेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "दुसऱ्या कुणाला विचारा. ह्या एका बाबतीत माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवू नका."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. दोर त्यांनी माझ्यापुढे धरला होता, पण मूठ सुटत नव्हती. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं; फक्त ते खरं आपल्या सोयीचं आहे, म्हणून बोलवत नव्हतं.

मी म्हटलं, "ठेवा तुमच्यापाशी."

भुऱ्या जागा झाला आणि नेहमीसारखा शेपटी हलवत माझ्या मागे आला. डॉक्टरांनी त्याला हाक मारली नाही. अशा वेळी हाक मारणारा तो माणूसच नव्हता. मी फाटकाबाहेर आले, गुडघ्याने भुऱ्याला आत ढकललं आणि कडी लावली. तो गजांतून तोंड बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिला. आता मी काहीतरी सांगेन म्हणून.